बर्फावरची चार मिनिटं कशी रचली जातात

टीव्हीवर फिगर स्केटिंग लागलं की बहुतेकांची नजर उड्यांवर खिळते. साहजिक आहे. उडी मोजता येते. हवेत तीन फेरे झाले की चार, खाली आल्यावर पाय टिकला की घसरला, हे कुणालाही दिसतं. पण थोडे दिवस हा खेळ बघितला की एक गोष्ट छळायला लागते. दोन खेळाडू जवळपास त्याच उड्या मारतात, दोघांपैकी कुणी पडत नाही, आणि तरी एकाचा प्रोग्रॅम संपल्यावर आपण सहज दुसऱ्या कामाला लागतो, दुसऱ्याचा संपल्यावर मात्र बराच वेळ गप्प बसून राहतो. हा फरक बऱ्याचदा कोरिओग्राफीचा असतो, म्हणजे त्या काही मिनिटांच्या रचनेचा.

कोरिओग्राफी म्हटलं की हात, चेहरा, भावमुद्रा डोळ्यांसमोर येतात. मी बरीच वर्षं हा खेळ मनापासून बघत आले आहे आणि माझं मत असं झालंय की रचना खालून वर येते. ती पात्यात सुरू होते, गुडघ्यातून पाठीत चढते आणि सगळ्यात शेवटी हातांपर्यंत पोचते. नुसती हातांत असलेली रचना वरून चिकटवल्यासारखी दिसते.

पटत नसेल तर एकदा आवाज बंद करून बघा आणि नजर खेळाडूच्या गुडघ्यांखाली ठेवा. काही जणांचं दहा सेकंदांत कळतं की स्वारी उडीच्या जागेकडे निघाली आहे. पायावर पाय टाकून मागे मागे जाणं, मान वळवून जागा बघणं, मग लांबलचक सरळ रेघ, मग उडी. ती झाली की परत तेच. काहींचे पाय मात्र सतत काही ना काही सांगत असतात: वळतात, उलटतात, वेग न मोडता दिशा बदलतात, आणि त्या ओघातच उडी येऊन जाते.

हे पाय करतात काय ते कळायला आधी पातं समजून घ्यायला हवं. स्केटचं पातं साधारण चार मिलिमीटर जाड असतं. चाकूसारखी त्याला एक धार नसते. तळाला मधोमध लांबीभर खोबण असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन कडा तयार होतात, एक पायाच्या आतल्या बाजूची, एक बाहेरची. स्केटर त्यांना इनसाइड एज आणि आउटसाइड एज म्हणतात. शिवाय पातं पुढून मागे किंचित कमानदार असतं. त्यामुळे अंग एका बाजूला झुकलं की पातं त्या कडेवर येतं आणि सरळ न जाता वळत जातं. सायकलवर वळताना आपण झुकतो, तसंच. जितका कल जास्त आणि जितका गुडघा खोल वाकलेला, तितकं वळण भरदार. कसलेला स्केटर जवळजवळ सगळा वेळ कुठल्या ना कुठल्या कडेवर असतो. थ्री टर्न, ब्रॅकेट, रॉकर, काउंटर, ट्विझल अशी जी नावं समालोचक घेतात, ती सगळी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्याच्या किंवा पुढचं तोंड मागे करण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत. ही या खेळाची बाराखडी. कोरिओग्राफर वाक्यं लिहितो ती याच अक्षरांतून.

आणि यातूनच ती गोष्ट येते जी जमिनीवरच्या नाचाला मिळत नाही. रंगमंचावरचा नर्तक हालचाल थांबवतो तेव्हा तो थांबतो. बर्फावर माणूस पुतळ्यासारखा निश्चल उभा राहिला तरी पुढे जात राहतो. एक पाय मागे उंच उचलून, हात पसरून, काहीही न करता तो अर्धं मैदान ओलांडू शकतो. या घरंगळण्याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे ग्लाइड. स्थिर असूनही गतीत असणं, ही बर्फावरच्या रचनाकाराच्या हातातली सगळ्यात मोलाची वस्तू. जो ती वापरतो तो स्केटिंग रचतो. जो ती विसरतो तो स्केट घालून जमिनीवरचा नाच बसवतो, आणि तो नाच जमिनीवर अधिक चांगला दिसला असता असं सारखं वाटत राहतं.

अमेरिकेच्या मिशेल क्वानचा स्पायरल आठवून बघा. स्पायरल म्हणजे एक पाय मागे कमरेच्या वर उचलून दुसऱ्या पायावर केलेला लांब ग्लाइड. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तिला रौप्य मिळालं. तिथला तिचा फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेतल्या दोन प्रोग्रॅमपैकी लांबचा, लोरी निकोल यांनी रचला होता. त्या काळातल्या तिच्या प्रोग्रॅममध्ये स्पायरल चालू असताना ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते. पाय तसाच वर, खांदे तसेच, चेहऱ्यावर मोकळेपणा, आणि खाली पात्याने मात्र वळणाची दिशाच बदललेली असते. वर काही घडत नाही आणि सगळं घडतं. आजच्या मानाने त्यात अवघड असं काय, असं कुणी विचारेल. तोल ढळू न देता, वेग न गमावता कडा बदलणं हे खरोखरच अवघड आहे, पण मुद्दा तो नाही. संगीताचा सूर जिथे एका वळणावरून दुसऱ्यावर जातो तिथेच ती कडा बदलते. ते वळण ऐकू येतं आणि दिसतंही.

नाच या खेळात आला तोही तसा अवघड वाटेनेच. एकोणिसाव्या शतकात जॅक्सन हेन्स नावाच्या अमेरिकन माणसाने बॅलेच्या हालचाली आणि संगीत बर्फावर आणलं. तो स्वतः नर्तक होता. व्हिएन्नात त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. पण पुढे कितीतरी दशकं स्पर्धेचा मोठा भाग होता बर्फावर आकृत्या कोरण्याचा. एका पायावर अचूक वर्तुळं काढायची, मग परीक्षकांनी वाकून त्या रेघा तपासायच्या. खेळाच्या नावातलं 'फिगर' तिथलं. त्या आकृत्या १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून गेल्या. मला वाटतं, त्यांनी एक चांगली गोष्ट मागे ठेवली: कडेबद्दलचा आदर.

जॉन करी हा ब्रिटिश स्केटर त्या आकृत्यांच्या काळातला. लहानपणी त्याला बॅले शिकायचं होतं. वडिलांनी नकार दिला, स्केटिंग मात्र खेळ म्हणून चाललं. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्ण मिळवलं आणि त्याच वर्षी युरोपियन आणि जागतिक विजेतेपदही. त्याचं जुनं चित्रीकरण आज बघितलं तर उड्या साध्या वाटतील. पण उडी मारून खाली आल्यावर तो कसा थांबतो ते बघा. पाठ उभी, मोकळा पाय ताणलेला, हात संगीत संपेपर्यंत उघडत जाणारे. उडीचा शेवट हा पुढच्या हालचालीचा आरंभ असतो, हे त्याने डोळ्यांनी दिसेल असं करून दाखवलं.

आता रचनाकाराची खरी अडचण बघू. त्याला मोकळा कागद मिळत नाही. एकेरी स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅम दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा आणि फ्री स्केट चार मिनिटांचा, दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. बेइजिंगच्या २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये फ्री स्केटमध्ये ७ उड्या, ३ गिरक्या, एक स्टेप सिक्वेन्स, म्हणजे सलग पदन्यास, आणि एक कोरिओ सिक्वेन्स (त्याबद्दल पुढे), एवढं सगळं बसवायचं होतं. उडी हवेत असते जेमतेम पाऊण सेकंद. पण तिच्यासाठी वेग गोळा करायला, योग्य कडेवर यायला आणि उतरल्यावर सावरायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. असं सात वेळा. त्यात गिरक्या मिळवा. चार मिनिटांतला मोठा हिस्सा असा आधीच खर्ची पडलेला असतो, आणि स्केटर तिसऱ्या मिनिटापर्यंत धापा टाकत असतो.

यातून दोन वाटा निघतात. सोपी वाट म्हणजे उड्यांसाठी लागेल तेवढी तयारी उघडपणे करू द्यायची आणि मधल्या फटींत हात हलवून 'नाच' भरायचा. अवघड वाट म्हणजे ती तयारीच रचनेत मिसळून टाकायची. जपानच्या युझुरू हान्यूचा ट्रिपल अ‍ॅक्सेल बघा. अ‍ॅक्सेल ही पुढे तोंड करून मारायची उडी, त्यामुळे बहुतेक जण मागे जाता जाता पाय बदलून, सावकाश नेम धरून तिच्यात शिरतात. हान्यू कितीदा तरी मागे जाताना काउंटर नावाचं अवघड वळण घेतो आणि त्या वळणातूनच थेट वर उठतो. उतरल्यावरही लगेच वळतो. उडीच्या अलीकडे आणि पलीकडे रिकामी जागा उरतच नाही. यात धोका मोठा आहे, कारण नेम धरायला वेळच राहत नाही. पण बघणाऱ्याला ती उडी संगीतातून उगवल्यासारखी वाटते. या जोडकामाला ट्रान्झिशन म्हणतात. उत्तम रचना आणि साधारण रचना यांतला फरक मला सगळ्यात आधी इथे दिसतो.

संगीताबद्दल एक गैरसमज फार आहे. प्रत्येक ठोक्याला काहीतरी केलं म्हणजे संगीत कळलं, असा. व्हायोलिनच्या प्रत्येक स्वराला बोट, ढोलाच्या प्रत्येक घावाला मानेचा झटका. सुरुवातीला मजा येते, मिनिटभरात कंटाळा. गाण्यात मात्रा असतात तशी वाक्यंही असतात. वाक्य सुरू होतं, चढतं, कुठेतरी विसावतं. चांगला रचनाकार वाक्य ऐकतो. लांब सुराला लांब कडा देतो, सूर तुटेपर्यंत पाय बदलत नाही. आणि जिथे सगळं वादन समेवर येतं ती जागा राखून ठेवतो, तिथे उडीचं लँडिंग ठेवतो किंवा चक्क शांतता. माझी एक कसोटी आहे: त्याच गतीचं दुसरं कुठलंही संगीत लावलं आणि काहीच बिघडलं नाही असं वाटलं, तर तिथे रचना नव्हतीच, क्रम होता.

संगीत आणि नियम यांची गाठ किती हुशारीने घालता येते याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे १४ फेब्रुवारी १९८४, सारायेव्हो. जेन टॉर्विल आणि ख्रिस्टोफर डीन ही ब्रिटिश आइस डान्सची जोडी राव्हेलच्या 'बोलेरो'वर उतरली. ही रचना विलक्षण आहे. एकच ताल शेवटपर्यंत, एकच धून पुन्हा पुन्हा, फक्त वाद्यं वाढत जातात आणि आवाज फुगत जातो. मूळ वादन पंधराएक मिनिटांचं. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चार मिनिटं दहा सेकंद चालणार होते. संगीत कितीही आटवलं तरी चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना, कारण त्याखाली गेलं की ती चढण चढणच राहत नव्हती. अडचण अठरा सेकंदांची होती. मग त्यांनी नियम नीट वाचला. वेळ मोजायची सुरुवात होते स्केटचं पातं बर्फाला लागून स्केटिंग सुरू झाल्यावर. म्हणून ते दोघं गुडघ्यांवर बसून सुरुवात करतात. समोरासमोर, झुलत, एकमेकांभोवती हात फिरवत, अठरा सेकंद. मग उठतात.

ही नियमातली पळवाट म्हणून सांगितली जाते, पण मला त्यातली रचना जास्त भावते. तुम्ही ते चित्रीकरण बघितलंत तर जाणवेल की गुडघ्यांवरचा तो भाग काढला तर सगळं कोसळेल. 'बोलेरो' अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत सुरू होतं. तिथे वेगाने स्केटिंग सुरू केलं असतं तर पुढे वाढायला जागाच उरली नसती. ते जमिनीलगत सुरू करतात, म्हणून चढायला उंची मिळते. पुढची चार मिनिटं वेग, कल आणि उचलणी थोडी थोडी वाढत जातात. कुठेही धून नवी नाही, तशीच त्यांची हालचालही पुन्हा पुन्हा त्याच लाटेसारख्या झोक्याकडे परत येते, दर वेळी थोडी मोठी होऊन. आणि जिथे संगीत अचानक मोडून पडतं तिथे ते दोघं बर्फावर कोसळतात. प्रेमी जोडीने ज्वालामुखीत उडी घ्यावी, अशी ती कल्पना होती. कलात्मक ठशासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० दिले. त्या पद्धतीत याहून वरचा गुण नव्हता.

जागेचा विचार हा दुसरा मोठा भाग, आणि टीव्हीवर तो सगळ्यात कमी कळतो, कारण कॅमेरा खेळाडूच्या मागे फिरतो. ऑलिंपिकच्या आकाराचं मैदान साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असतं. परीक्षक एका लांब बाजूला बसतात, प्रेक्षक चारही बाजूंना. आळशी रचना लंबगोलात फिरत राहते, उड्या त्याच दोन कोपऱ्यांत, गिरक्या मधोमध. चांगली रचना बर्फावर चित्र काढते. एखादं लांब वळण परीक्षकांपासून दूर जातं आणि अचानक परत येतं. एखादी हालचाल पलीकडच्या प्रेक्षकांसाठी ठेवलेली असते. उंचीचाही उपयोग होतो. स्केटर खाली बर्फाला टेकतो, एका कडेवर जवळजवळ आडवा होऊन घसरत जातो, मग पुन्हा उभा वाढतो. बहुतेक खेळाडू एकाच दिशेला फिरणारे असतात, उजवे-डावे असतो तसे, म्हणून दोन्ही दिशांना वळणारी पावलं रचणं आणि ती सहज दिसणं याला वेगळी किंमत आहे. प्रत्यक्ष मैदानावर जाण्याची संधी मिळाली तर शक्य तितकं वर बसा. वरून रचना नकाशासारखी दिसते.

गुणांची गोष्ट टाळता येणार नाही, कारण नियम जसे असतात तशा रचना होतात. ६.० ची जुनी पद्धत २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षकांच्या घोटाळ्यानंतर गेली आणि २००४ पासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नवी पद्धत आणली. यात प्रत्येक उडी, गिरकी, पदन्यास यांना ठरलेली किंमत असते, ती किती चांगली झाली यावरून गुण वाढतात किंवा कमी होतात, आणि त्याशिवाय एकूण प्रोग्रॅमच्या दर्जाचे गुण वेगळे. हे दुसरे गुण आधी पाच शीर्षकांखाली देत. २०२२-२३ च्या हंगामापासून तीन उरली: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. रचनेत काय बघायचं ते नियमात लिहिलेलं आहे. जागेचा आणि उंचीचा वापर, घटकांमधली जोडणी, संगीताच्या वाक्यांशी नातं, बर्फावरचा आराखडा आणि सगळ्यांत मिळून एकसंधपणा. या लेखात आतापर्यंत मी जे सांगत आले ते थोडक्यात हेच, फक्त त्यांची भाषा कोरडी आहे.

नव्या पद्धतीने एक चांगलं केलं: परीक्षक काय बघतात ते उघड झालं. एक वाईटही झालं. ज्याला गुण आहेत तेच करावंसं वाटतं. गिरक्यांना वरची पातळी मिळावी म्हणून काही काळ सगळे जण तीच ती अंग मुरडणारी अवस्था घेऊ लागले, संगीतात तिचं काम असो वा नसो. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांची अलीना झागितोवा सुवर्ण जिंकली ते फ्री स्केटमधल्या सगळ्या उड्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवून, कारण तिथे उडीला दहा टक्के जास्त गुण मिळत. दमलेल्या पायांनी सात उड्या ओळीने उतरवणं हे अचाट होतं, त्याबद्दल माझ्या मनात तिच्याविषयी निखळ आदर आहे. पण रचना म्हणून तो प्रोग्रॅम मला दोन तुकड्यांचा वाटतो, आधी सगळी पावलं, मग सगळ्या उड्या. संघटनेलाही तसं वाटलं असावं, कारण त्याच वर्षी नियम बदलला. आता जादा गुण शॉर्ट प्रोग्रॅममध्ये शेवटच्या एका उडीला आणि फ्री स्केटमध्ये शेवटच्या तीन उड्यांना.

याच पद्धतीत एक छोटी मोकळी खिडकीही आहे. तिचं नाव कोरिओ सिक्वेन्स. तिला पातळी नाही, मोजायची वळणं नाहीत. स्पायरल, स्प्रेड ईगल, घसरण, छोट्या उड्या, काय हवं ते करा, संगीताला शोभलं पाहिजे. अमेरिकेच्या नेथन चेनने २०२२ च्या बेइजिंग ऑलिंपिकमध्ये पाच क्वाड, म्हणजे चार फेऱ्यांच्या उड्या मारून शेवटी या खिडकीत हिप-हॉप केलं. मारी-फ्रान्स द्युब्रय यांनी रचलेला प्रोग्रॅम होता. पाच क्वाडनंतर पायांत काय उरलं असेल याचा विचार केला की तो भाग अधिकच आनंदाचा वाटतो. मात्र किंमत बघा. त्या हंगामात कोरिओ सिक्वेन्सला मूळ ३ गुण होते आणि अगदी परिपूर्ण झाला तरी साडेपाचच्या वर जाणं शक्य नव्हतं. क्वाड लुट्झ या एका उडीची मूळ किंमतच साडेअकरा. प्रशिक्षकाने आठवड्याचे तास कशावर घालवावेत हे या दोन आकड्यांनी ठरतं, आणि मला ते खरोखर खुपतं.

पण प्रवाहाविरुद्ध जाणारे असतात. अमेरिकेचा जेसन ब्राउन त्याच बेइजिंगमध्ये एकही क्वाड न मारता सहावा आला. त्याचा शॉर्ट प्रोग्रॅम त्याचे जुने सहकारी रोहीन वॉर्ड यांनी रचलेला होता. त्यात शरीराचा कुठलाच भाग रिकामा नाही. जपानची काओरी साकामोतो २०२२ ते २०२४ सलग तीनदा जगज्जेती झाली, ट्रिपल अ‍ॅक्सेल किंवा क्वाडशिवाय. तिचा वेग आणि ग्लाइड इतका मोठा आहे की साधी वाटणारी हालचालही मैदान भरून टाकते.

रचना चांगली की वाईट हे रचणाऱ्याइतकंच स्केटरच्या अंगावरही अवलंबून असतं. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीची काटारिना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस या दोघींनी फ्री स्केटसाठी बिझेची 'कारमेन'च निवडली होती. एकच संगीत, पण दोन पूर्ण वेगळ्या कारमेन. विट नाटक करत होती, आणि शेवटी तिची कारमेन बर्फावर मरून पडते. मधल्या भागात ती बराच वेळ स्केटिंगपेक्षा पवित्रेच जास्त घेते, हे मला आजही खटकतं. तरी ती नजर खेचून धरते, कारण ती भूमिका तिच्या स्वभावाच्या मापाने बेतलेली होती. थॉमसची ताकद उड्यांत होती, पहिल्याच उड्यांना पाय चुकला आणि मग धीर गेला. सुवर्ण विटला, कांस्य थॉमसला. त्या रात्रीचा फ्री स्केट मात्र जिंकला होता कॅनडाच्या एलिझाबेथ मॅन्लीने, जिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

म्हणून 'जुनंच संगीत परत घेतलं' ही तक्रार मला पटत नाही. हजारदा वाजलेली धूनही नवी होते, जर तिच्यात हा माणूस कोण आहे ते दिसलं तर. जपानच्या दाइसुके ताकाहाशीने एका हंगामात 'स्वान लेक' हिप-हॉपच्या ढंगात केलं होतं, आणि ते गंमत म्हणून केलेलं वाटत नव्हतं. त्याच्या अंगातच तो ताल होता.

जोडीच्या प्रकारांत आणि आइस डान्समध्ये यात आणखी एक पदर येतो, दोघांमधलं अंतर. वेग तोच ठेवून ते किती जवळ राहतात, कडा किती सारख्या झुकतात, श्वास एकत्र घेतात का. गॅब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझेरॉन या फ्रेंच जोडीचं स्केटिंग बघताना हात सुटतात कधी आणि जुळतात कधी ते सांगता येत नाही. त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

एक प्रोग्रॅम मात्र मी रचनेसाठी परत परत बघते, आणि त्यात पदकही नाही. सोची, २०१४. जपानची माओ असादा शॉर्ट प्रोग्रॅममध्ये पडली, चुकली आणि सोळाव्या क्रमांकावर गेली. दुसऱ्या दिवशी राख्मानिनोव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोवर तिचा फ्री स्केट होता, रचना तात्याना तारासोवा यांची. त्यात तिचा ट्रिपल अ‍ॅक्सेल आला, बाकीच्या उड्याही आल्या. पण तारासोवा यांनी खरी जागा ठेवली होती शेवटच्या भागात, दमलेल्या पायांच्या वेळी. वाद्यवृंद पूर्ण ताकदीने उसळतो आणि तिथे उडी नाही, पदन्यास आहे. आडवीतिडवी झेप घेत, गुडघे खोल वाकवत, एकेक वळण त्या पियानोच्या घावांवर टाकत ती मैदान ओलांडते. वरचं अंग खालच्या पायांच्या मागून येतं, पुढे पळत नाही. संपल्यावर वर बघते आणि रडू लागते. एकूण सहावी आली.

तो पदन्यास उड्यांच्या आधी, ताज्या पायांनी झाला असता तर अधिक नीटनेटका झाला असता. कदाचित गुणही थोडे जास्त मिळाले असते. पण तिथे ती जी दिसते ती दिसली नसती.

एकच प्रोग्रॅम हंगामात अनेकदा बघायची सवय लावून घ्या. शरद ऋतूतल्या पहिल्या स्पर्धेत तो बहुधा कच्चा असतो, पावलं आठवताना डोळे दिसतात. मार्चमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत दोनपैकी एक झालेलं असतं. काहींच्या बाबतीत मधली अवघड वळणं एकेक करून गळालेली असतात, त्यांच्या जागी साधे क्रॉसओव्हर, म्हणजे पायावर पाय टाकत जाणं, आलेले असतात, कारण उडीसाठी दम वाचवायचा होता. आणि काहींच्या बाबतीत ऑक्टोबरमध्ये उडीआधी जी अर्ध्या सेकंदाची थबक दिसली होती ती आता शोधूनही सापडत नाही. ऑक्टोबरचं चित्रीकरण पुन्हा लावा आणि ती थबक कुठे होती ते बघा.